खुंटीवरच्या बंदुका

खंडेनवमीच्या सकाळी विदर्भातल्या जुन्या वाड्यांत देवघरासमोर पाट मांडतात. तलवार, जंबिया, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ ओळीने ठेवतात, आणि एखाद्या घरात त्या ओळीच्या टोकाला लांब नळीची बंदूक आडवी ठेवलेली असते. तिला हळदकुंकू लागते, घोड्यावर झेंडूचे फूल अडकवले जाते. कुणाची, कधीची असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते : "पणजोबांची. सत्तावनच्या बंडातली." दुपारी ती पुन्हा खुंटीवर जाते आणि वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही.

नागपुरात आणि आसपासच्या गावांत अशा बंदुका मी बऱ्याच पाहिल्या. त्यांतल्या फार थोड्या सत्तावनच्या होत्या. पण जवळजवळ प्रत्येकीच्या अंगावर तिची खरी हकिगत कोरलेली होती : कारखान्याचा ठसा, सन, मुकुट, बाण, पलटणीचे आकडे. घरच्यांनी ती कधी वाचली नव्हती, कारण ती वाचायची असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या दुर्मीळ रायफली जमवणे हा इंग्लंड-अमेरिकेत जुना आणि अभ्यासू छंद आहे. आपल्याकडे या वस्तू विकत घेऊन जमवणारे थोडे आणि वारशाने सांभाळणारे जास्त. म्हणून नागपूरच्या बाबतीत हा प्रश्न संग्राहकांपुरता राहत नाही. इथे बंदुकांची वाण नाही, नोंदींची आहे.

या भागाचे एकोणिसावे शतक बंदुकीच्या अंगाने पाहायचे तर सुरुवात सीताबर्डीपासून करावी लागते. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथे लढाई पेटली, तेव्हा दोन बाजूंच्या हातांत दोन वेगळ्या काळांतली हत्यारे होती. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचे बरकंदाज आणि पगारी अरब तोड्याच्या बंदुका चालवत. चापाबरोबर जळती जामगी खाली येते, रंजक पेट घेते आणि बार उडतो. नळी लांब आणि जाड, भरायला वेळ लागणारी, पण नेम चांगला. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई होते, दीड हजारही नव्हते. त्यांच्याकडे चकमकीची बंदूक होती, 'ब्राउन बेस' नावाने ओळखली जाते तिचा हिंदुस्थानसाठी केलेला नमुना. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली, तरी लढाई कंपनीनेच जिंकली. १६ डिसेंबरला पुन्हा झालेल्या लढाईनंतरही शहरातले अरब महिनाअखेरपर्यंत हटले नव्हते.

यांपैकी एकाही हत्याराला रायफल म्हणता येत नाही. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत स्क्रूसारखे फिरते आटे पाडलेले असतात अशी बंदूक. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. तोड्याची आणि चकमकीची बंदूक आतून सहसा गुळगुळीत. तरीही नागपूरच्या संग्रहात तिचे स्थान पहिले मानले पाहिजे, कारण या शहराचे स्वातंत्र्य गेले ते याच हत्यारांच्या आवाजात. कंपनीची बंदूक ओळखायची खूणही सोपी आहे. १८०८ पूर्वीच्या चापपट्टीवर कंपनीचे हृदयाच्या आकाराचे चिन्ह दिसते, नंतरच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह.

तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. गादीला औरस वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. पाठोपाठ भोसल्यांच्या हत्ती-घोड्यांचा, सामानाचा, जडजवाहिरांचा लिलाव झाला. त्या दिवसांत वाड्याबाहेर पडलेल्या वस्तू कुठे कुठे गेल्या याचा सलग हिशेब आजही आपल्या हाती नाही. शस्त्रांच्या बाबतीत ही पोकळी फार मोठी आहे.

आता सत्तावन. एनफिल्ड रायफलचा नमुना १८५३ चा. नळीचा व्यास ०.५७७ इंच, आत तीन आटे, ७८ इंचांत एक वेढा. तोंडाकडून भरायची, म्हणजे ठासणीचीच, पण चकमकीऐवजी टोपीवर उडणारी. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीची गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. नागपुरात टाकळीच्या छावणीतल्या इरेग्युलर घोडेस्वारांनी १३ जून १८५७ च्या रात्री उठावाचा बेत केला होता. तो आधीच फुटला, पुढारी फासावर गेले. कामठीच्या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी होत्या, त्या इंग्रजांकडेच राहिल्या. चांद्याकडे बाबुराव शेडमाके लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला फाशी झाली.

या सगळ्यानंतर जे घडले ते नागपूरच्या संग्राहकाला माहीत असलेच पाहिजे. हिंदी शिपायाच्या हातात आटे असलेली रायफल पुन्हा द्यायची नाही असे सरकारने ठरवले. एनफिल्डच्याच नळ्या आतून कातून ०.६५६ इंचांच्या गुळगुळीत केल्या आणि लांब पल्ल्याची नेमपट्टी काढून साधा ठोकळा बसवला. हा १८५८ चा नमुना. कातल्यामुळे नळ्या पातळ झाल्या, संगीन लावताना वाकू लागल्या, म्हणून पुढच्या वर्षी जाड नळीचा १८५९ चा नमुना आला. बाहेरून पाहिले तर एनफिल्डच, आतून साधी बंदूक.

कामठी रस्त्यावरच्या एका गावात एका आजोबांनी मला अशी बंदूक दाखवली होती. "एनफिल्ड आहे, पण झिजली," असे ते खंतावून म्हणाले. नळीत टॉर्च धरून पाहिले तर आट्यांचा मागमूस नव्हता, आणि भिंत एकसारखी चकचकीत होती. झीज अशी एकसारखी होत नसते. ती बंदूक झिजलेली नव्हती, ती मुद्दाम अधू करून दिलेली होती. त्या नळीच्या पोकळीत एका साम्राज्याची भीती जशी दिसते तशी कुठल्या जाहीरनाम्यातही दिसत नाही. संग्राहकांच्या बाजारात आटे शाबूत असलेल्या एनफिल्डला जास्त किंमत येते. माझ्या मते आपल्याकडे क्रम उलटा असला पाहिजे. कातलेली एनफिल्ड ही खास हिंदुस्थानची वस्तू आहे आणि ती जपण्याची जबाबदारीही आपलीच.

हा अविश्वास पुढेही चालू राहिला. इंग्रज सोल्जराला मागून काडतूस भरायची स्नायडर १८६६ मध्ये मिळाली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री मान्य झाली. चापाखालची तरफ खाली ओढली की मागचा ठोकळा उघडणारी ही रायफल ०.४५० इंचांची, सात आट्यांची, २२ इंचांत एक वेढा असलेली. हिंदी शिपायाला मात्र सोल्जराने टाकलेला नमुना मिळायचा, म्हणजे एक पिढी मागचा. विसाव्या शतकातही ३०३ च्या नळ्या कातून पोलिसांसाठी ४१० ची 'मस्केट' केली गेली. आपल्या ठाण्यांवर ती कित्येक दशके पहाऱ्याला होती.

लष्करी बंदुकांपेक्षा विदर्भात जास्त आढळतात त्या शिकारीच्या. त्याला कारण आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर राजधानी झाली आणि सातपुड्याची, चांद्याची जंगले गोऱ्या अंमलदारांच्या दौऱ्यांत आली. त्यांच्यातला एक कॅप्टन जेम्स फोर्सिथ. वनखात्यात आणि बंदोबस्तात काम केलेला हा माणूस. पचमढीला त्याने बांधलेला 'बायसन लॉज' अजून उभा आहे. 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ चे, आणि त्याच वर्षी तो वारला. पण आपल्या विषयाला जवळचे आहे ते त्याचे आधीचे पुस्तक, शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरचे. दाट झाडीत जनावर जवळून दिसते, तिथे फार लांबच्या नेमाचा उपयोग नाही. मोठ्या व्यासाची, गोल गोळीची, सावकाश फिरणाऱ्या उथळ आट्यांची रायफल हवी, असे त्याने त्यात मांडले. इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी ते गंभीरपणे घेतले. आजही जुन्या काळ्या दारूच्या रायफली बनवणारे आणि जमवणारे फोर्सिथचे नाव घेतात. आपल्या जंगलांनी रायफलशास्त्राला दिलेली ही भर नागपुरात किती जणांना ठाऊक आहे?

साहेबाचे पाहून मालगुजार आणि जमीनदार मंडळींनीही लंडन-बर्मिंगहॅमची दुनळी हत्यारे मागवली. कलकत्त्याच्या मँटन कंपनीसारख्या दुकानांतूनही ती आली. त्यांतल्या अनेक नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून घडवलेल्या असतात. नीट सांभाळलेल्या नळीवर लाकडातल्या रेषांसारखी जोहर दिसते. अशा नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचे काडतूस घालून बार काढणे म्हणजे हातात बाँब फोडणे. हे मी पुन्हा सांगतो, कारण मोहापायी बोटे गमावलेले लोक आहेत.

बंदुका आल्या कशा हे झाले. गेल्या कशा तेही पाहिले पाहिजे. सत्तावननंतर निःशस्त्रीकरण झाले. १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपीय त्यातून सुटले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, अनेक वाड्यांचे वैभव उतरले, बंदुका भाऊबंदकीत वाटल्या किंवा विकल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि शिकारी रायफल निरुपयोगी ठरली. १९८३ मध्ये एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली, आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वारशाने आलेल्या बंदुकाही या दोनांतच मोजल्या जातात. जादा बंदुका वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या होत्या. प्रत्येक कायद्याच्या वेळी काही बंदुका खुंटीवरून खाली आल्या. कायद्यामागचे कारण मला मान्य आहे. माझे दुःख इतकेच की खाली आलेल्या त्या बंदुकांचे कोणी साधे टिपणही ठेवले नाही.

माझ्या नात्यातल्या एका घरात दोन ठासणीच्या बंदुका होत्या. एक काका वारल्यावर घाबरून घरच्यांनी त्या कुठल्याशा कार्यालयात नेऊन दिल्या. पावतीवर लिहिले होते, 'जुनी बंदूक, नग २'. कारखाना नाही, सन नाही, लांबी नाही. पुढे चौकशी केली तेव्हा त्या भंगारात गेल्याचे कळले. त्यांतल्या एकीच्या चापपट्टीवर सिंह होता हे मला लहानपणापासून आठवते. आज त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

कायदा नेमका काय म्हणतो हे माहीत असते तर कदाचित असे झाले नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे : कालबाह्य नमुन्याचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाही, त्याला कायदा लागू होत नाही. शब्द नीट वाचावेत. 'जुनी आहे' एवढ्याने सूट मिळत नाही, ती दुरुस्तीनेही चालण्याजोगी नसली पाहिजे. चालू स्थितीतली मार्टिनी कितीही जुनी असली तरी बंदूकच. फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांत बदल झाला आणि 'क्युरिओ' वर्गात मोडणारी छोटी शस्त्रे मिळवायला व बाळगायला भारतीय नागरिकांना परवान्याची गरज राहिली नाही. ती वापरायला, सोबत न्यायला किंवा दुसरीकडे पाठवायला मात्र परवाना लागतो आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसे मिळत नाहीत. आपली बंदूक या वर्गात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नाही. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, तिथे लेखी विचारावे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कोणी 'परदेशी गिऱ्हाईक आहे' म्हणत आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्यात पुराणवस्तू ठरते, त्यामुळे तिथला छंद मोकळा आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखानातून पन्नास हजारांच्या घरात जुन्या बंदुका एका अमेरिकी आणि एका इंग्रज व्यापाऱ्याने मिळून उचलल्या. ब्राउन बेस, ब्रन्सविक, एनफिल्ड, स्नायडर, मार्टिनी, शिवाय नेपाळी गहेंद्र रायफली. कंपनीच्या काळातल्या हत्यारांचा एवढा मोठा साठा दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि तो आता परदेशी घरांच्या भिंतींवर विखुरला आहे. त्यातून अभ्यास वाढला हे खरे. पण हा साठा नेपाळबाहेर गेला, याची हळहळ मला वाटते. कंपनीच्या बंदुकांवर डेव्हिड हार्डिंगने चार खंड लिहिले, हिंदी शस्त्रांवर एगर्टनचे पुस्तक १८८० पासून आहे, आपल्या जी. एन. पंतांनीही मोठे काम केले. मराठीत मात्र एकोणिसाव्या शतकातल्या बंदुकांची ओळख करून देणारे, सामान्य घराला उपयोगी पडेल असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

बनावटीबद्दल थोडे. वायव्य सरहद्दीवरच्या दर्रा आदम खेलमध्ये मार्टिनीच्या हातघडणीच्या नकला पुष्कळ झाल्या. ठसा वाचता न येणाऱ्या कारागिराने तो चित्रासारखा उतरवला, त्यामुळे 'एन' उलटा पडतो, 'एनफिल्ड'चे हिज्जे चुकतात. मुकुटाखाली 'व्ही आर' आणि सन १९०७ असे दिसले तर समजावे, कारण राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच वारली. आपल्याकडे गडचिरोलीकडच्या भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुका पुराण्या म्हणून विकायचा प्रयत्न होतो. त्या बहुतेक गावठी आणि अलीकडच्या असतात, आणि त्यांच्या वाटेला गेलेला माणूस थेट तुरुंगात पोहोचू शकतो.

निगा राखण्याबाबत मी हट्टी आहे. पहिली गोष्ट, ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. शंभर वर्षांपूर्वी भरून ठेवलेला बार तसाच आत असल्याची उदाहरणे जगभर आहेत. टोपीच्या जागी काहीही ठेवू नये, चाप ओढू नये, जवळ दिवा-उदबत्ती आणू नये. तोंडापासून लाकडी गज हलकेच आत सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी, मग ती खूण तोंडाशी जुळवून गज नळीबाहेर धरून पाहावा. गजाचे टोक कानाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या भोकाच्या, बरेच अलीकडे पडले तर आत काहीतरी आहे, आणि मग जाणत्याला बोलवावे. दुसरी गोष्ट, पॉलिशपेपर. दिवाळीच्या साफसफाईत नळी चकचकीत घासली की ठसे जातात, जोहर जाते, आणि राहते ती नुसती लोखंडी नळी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो तेव्हा दस्त्याचे लाकूड आखडून तडकते, आणि लगेच येणाऱ्या पावसाळ्यात लोखंड गंजते. बंदूक कातड्याच्या म्यानात कोंडू नये, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मऊ फडक्याने पातळ तेलाचा हात फिरवावा, लाकडाला थोडे जवसाचे तेल, बस्स. पूजेचे ओले हळदकुंकू त्याच दिवशी पुसून काढावे. देवाचा मान त्याने कमी होत नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. १८६३ मध्ये सुरू झालेली ही संस्था मध्य प्रांताच्या काळाची साक्षीदार आहे, आणि या कामाचे केंद्र तिनेच व्हावे असे मला मनापासून वाटते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा इथेही शस्त्रे पाहायला मिळतात. पण नागपूरच्या बंदुका नागपूरच्या इतिहासाशेजारीच बोलतात. एकेका बंदुकीची लांबी, व्यास, आट्यांची संख्या, ठसे आणि आलेला मार्ग अशी मराठी सूची छापली गेली तर विदर्भातल्या शेकडो घरांना आपल्या वस्तूची ओळख पटवता येईल.

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. ती ओळखता आली, कारण तिच्यावर देवनागरीत 'सेनासाहेब सुभा' रघुजींचे नाव आहे. खुंटीवरच्या बंदुकीवर असे नाव नसते. ते आपण लिहायचे असते, अंगावर नव्हे, वहीत.

म्हणून ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना माझी विनंती आहे. येत्या खंडेनवमीला पूजेआधी अर्धा तास काढा. बार आत नाही याची खात्री करा, परवान्याचे कागद शोधून एकत्र ठेवा, ठशांचे जवळून फोटो घ्या, लांबी आणि नळीचा व्यास मोजा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून ती कुठून आली ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या आणि तारीख घाला. एक प्रत घरी ठेवा, एक अजब बंगल्यात नेऊन द्या.